माहेरचा वालघेवडा

सुरुवातीलाच माफी मागतो. मी लेखक नाही. आमच्या घरात आजवर झालेलं सगळ्यात मोठं लिखाण म्हणजे रेशनकार्डावरचं आईचं नाव दुरुस्त करण्याचा अर्ज. तो मीच दहावीत असताना लिहिला होता, आणि तो परत आला होता. त्यामुळे लोकांनी बसून वाचावं असं काही माझ्यासारख्याने लिहायला घेणं हे जरा जास्तच आहे, हे मला कळतं. त्यातून विषय शेंगांचा. शेंगांबद्दल माझ्यापेक्षा जास्त कळणारी माणसं नाशिकमध्ये गल्लोगल्ली आहेत. पंचवटीच्या बाजारात बसणाऱ्या एका मावशींना हे कोणी वाचून दाखवलं तर त्या कपाळाला हात लावतील. पण जे झालं ते मी अगदी जवळून पाहिलं, आणि त्यातल्या बऱ्याचशा चुका माझ्याच होत्या, म्हणून मीच सांगावं असं वाटलं. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी मालेगावचा. बाबा यंत्रमागावर कामाला आहेत. आई घरी कांड्या भरते, म्हणजे मागाच्या धोट्यात बसतात त्या सुताच्या गुंडाळ्या. आमच्या गल्लीत झाड असं एकच आहे, निंबाचं, आणि त्याचा उपयोग सायकली टेकवायला होतो. बारावीनंतर मला नाशिकला बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला. वनस्पतिशास्त्र घेतलं, कारण त्या यादीत नाव लागलं. कॉलेजात जाणारा घरातला मी पहिलाच, त्यामुळे हा विषय घेऊन पुढे काय होतं हे विचारायला कोणी नव्हतं. आईने शेजारणीला सांगून टाकलं की पोरगा झाडांचा डॉक्टर होणार आहे.

राहायला जागा मिळाली ती गंगापूर रोडच्या आतल्या गल्लीत, एका जुन्या बंगल्याच्या मागच्या खोलीत. बंगल्यात काका आणि काकू दोघंच राहत. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, काकूंचे गुडघे दुखरे. खोलीच्या बदल्यात मी बागेकडे बघायचं, असं ठरायचं होतं. ठरवायला गेलो तेव्हा काकूंनी विचारलं, "कुठला रे तू?"

"मालेगावचा."

"म्हणजे घरी शेती असेल."

मी नाही म्हणणार होतो. पण तेवढ्यात काका म्हणाले, "असणारच. हात बघ ना त्याचे." हात माझे खरोखरच खरखरीत होते, पण ते सुट्टीत मागावर काम करून. सुताने बोटं कापतात. हे सांगायला मी तोंड उघडलं, तर काकू म्हणाल्या, "बरं झालं बाई. बागेला जाणता माणूस मिळाला." मी तोंड मिटलं.

मी खोटं बोललो नाही. खरं बोलायला उशीर केला. तीन महिने.

बाग म्हणजे घर आणि कुंपणाची भिंत यांच्यामधली एक पट्टी. तिचे दोन भाग होते आणि मधून विटांची ओळ होती. डावीकडचा भाग काकांचा. तिथे फरसबी. ही बुटक्या जातीची, झुडपासारखी वाढणारी. काका दोरी लावून ओळी आखत आणि दोन रोपांतलं अंतर पट्टीने मोजत. "ही जात शिस्तीची," ते मला पहिल्याच दिवशी म्हणाले. "गुडघ्याएवढी वाढणार, पन्नास दिवसांत शेंगा देणार, आणि निवृत्त होणार. आपल्या खात्यासारखी."

"तुमच्या खात्याचं कुठलं काम पन्नास दिवसांत झालं होतं हो?" काकू आतून म्हणाल्या.

उजवीकडचा भाग काकूंचा. तिथे वेलाचा वालघेवडा व्हायचा. म्हणजे पूर्वी व्हायचा. काकूंनी मला स्वयंपाकघरात बोलावून फडताळातून एक पत्र्याची डबी काढली. आत राखेत घोळवलेल्या बिया होत्या, काळसर तपकिरी, प्रत्येकीच्या कडेला एक पांढरी रेघ. लग्न झाल्यावर काकूंनी हे बी माहेराहून आणलं होतं. दरवर्षी पेरायचं, शेंगा खायच्या, काही वेलावर वाळू द्यायच्या आणि बी पुन्हा डबीत ठेवायचं. गुडघे धरल्यापासून तीन वर्षं पेरणी झाली नव्हती. माहेरचं घर आता राहिलं नाही, भाचे पुण्याला, कोणी काही लावत नाही. त्यामुळे हे बी संपलं तर पुन्हा आणायला जागा नव्हती.

"बी जुनं झालंय," काकू म्हणाल्या. "यंदा उगवलं तर उगवलं. पुढच्या वर्षी नाही उगवायचं. तू जाणता आहेस म्हणून देतेय."

त्यांनी डबीतल्या सगळ्या एकवीस बिया माझ्या ओंजळीत ठेवल्या. वर्गातल्या पुस्तकात मी बी उभं कापलेलं पाहिलं होतं, आडवं कापलेलंही पाहिलं होतं. पेरलेलं कधी पाहिलं नव्हतं.

म्हणून मी पंचवटीत गेलो. बाजारात वालाच्या शेंगा कोण विकतं ते शोधलं, आणि दिंडोरीकडच्या एका मावशींसमोर उभा राहिलो. मी काहीच घेत नाही हे पाहून त्या म्हणाल्या, "काय पायजेल दादा?"

"वाल कसा पेरतात?"

मावशींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "घ्यायचा नाय, पेरायचा? कालेजात हाय का?"

"हो."

"वाटलंच. रातभर भिजवा. सकाळी पेरा. जुनं बी असंल तर भिजवल्याबिगर नाय व्हायचं."

शनिवारी संध्याकाळी मी बिया भिजवल्या. सगळ्या नाही. हात धजावेना म्हणून बारा भिजवल्या आणि नऊ काडेपेटीत ठेवल्या. माझ्या खोलीत मुंग्या होत्या, म्हणून काकू म्हणाल्या, "वाटी आमच्या ओट्यावर ठेव. तिथे ऊब असते."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. दर रविवारी सकाळी मिसळ काका स्वतः करत. नाशिकच्या माणसाला बाहेरची मिसळ कितीही आवडली तरी घरची आपलीच खरी वाटते, आणि काकांची त्या बाबतीत फार ठाम मतं होती. मोड आलेली मटकी फडक्यात बांधून ओट्यावरच असायची. रविवारी मलाही बोलावणं असायचं.

त्या रविवारी मिसळ खरोखर चांगली झाली होती. मी दुसरी प्लेट घेतली.

"आज उसळ कशी मिळून आलीय, नाही?" काका म्हणाले. "दाटपणा आलाय एक प्रकारचा."

काकूंनी चमचा थांबवला. रश्श्यातून त्यांनी एक दाणा बाजूला काढला. मटकीच्या चौपट मोठा, फुगलेला, कडेला पांढरी रेघ.

"हे काय घातलंत?"

"ओट्यावर भिजत होतं ते. तूच घातलं असशील ना? म्हटलं, वाया कशाला."

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडात घास होता. तो गिळावा की नाही हे मला अजूनही कळलेलं नाही. मी गिळला.

खरं तर काकांची तरी काय चूक. आपल्या घरांत वाटीत कडधान्य भिजत असेल तर त्याचं दुसरं काय होणार? भिजत घातलेल्याची उसळ होते. त्याचं झाड होऊ शकतं हे कोणाच्या मनात येत नाही. पण हे तेव्हा बोलायची माझी हिंमत नव्हती.

"चव मात्र..." काका म्हणू लागले.

"एक शब्द बोलू नका," काकू म्हणाल्या, आणि प्लेट तशीच ठेवून आत गेल्या.

मी खोलीत जाऊन काडेपेटी उघडली आणि नऊ बिया दोनदा मोजल्या. मग पंचवटीला गेलो. मावशींना सगळं सांगितलं. त्या इतक्या हसल्या की शेजारची कोथिंबीरवालीही काय झालं म्हणून वळली.

"बी खाल्लं? मिसळीत? लय भारी!" मग डोळे पुसून म्हणाल्या, "आता नका भिजवू काय. पाऊस लागलाय, तोच भिजवील. बोटाच्या दोन पेरांएवढं खाली टाका आन् गप बसा. रोज उकरून बघू नका."

शेवटची सूचना त्यांनी का दिली कळलं नाही, पण मी तेच करणार होतो.

नऊपैकी पाच उगवल्या. ज्या सकाळी पहिलं रोप वाकडी मान काढून वर आलं, त्या सकाळी मी काकूंना हाक मारली. त्या गुडघा धरत पायऱ्या उतरल्या आणि किती तरी वेळ नुसत्या बघत राहिल्या. दोन दिवसांनी गोगलगायींनी दोन रोपं खाल्ली. राहिली तीन. तेव्हापासून काका रोज फटफटताच स्वयंपाकघरातला चिमटा घेऊन बागेत यायचे आणि वालाभोवतीची एकेक गोगलगाय उचलून डब्यात टाकायचे. मी उठून मदतीला गेलो तर म्हणाले, "हिला सांगू नकोस. चिमटा चपात्यांचा आहे."

मावशींनी वेलाला आधार द्यायला सांगितलं होतं. मी बांबू आणले, नायलॉनची दोरी आणली, आणि मन लावून मांडव उभा केला. उत्साहाच्या भरात काकांच्या फरसबीच्या शेजारीही काठ्या रोवल्या. आठ दिवस झाले तरी फरसबी काही काठीवर चढेना. मला वाटलं, हिला रस्ता दाखवायला हवा. मी एकेक रोप काठीकडे ओढून सुतळीने बांधलं.

काका चहाचा कप घेऊन बाहेर आले आणि दारातच थांबले.

"काय रे शेतकरी, माझ्या फरसबीला फाशी का देतोयस?"

"वर चढत नाही ती, काका."

"ती चढत नसते. तिच्या सात पिढ्यांत कोणी चढलेलं नाही. मालेगावला काय फरसबी शिडी लावून तोडतात?"

त्या दिवशी मला वाटलं, आता आपलं बिंग फुटलं. पण काका हसत हसत सुतळ्या सोडायला बसले, आणि मी वाचलो.

पन्नास दिवसांचं म्हणाल तर काकांचा शब्द खरा ठरला. ऑगस्ट सरता सरता फरसबी अशी काही लागली की आवरेना. फरसबीची भाजी, फरसबीचा पुलाव, उपम्यात फरसबी, सांबारात फरसबी. मी कॉलेजात पिशवी भरून नेत असे. शेवटी शेवटी मित्र मला लांबून पाहून जिना बदलायला लागले. काका रोज टोपली काकूंच्या समोर ठेवून म्हणत, "डावीकडचा विभाग, आजची आवक. उजवीकडून काही अहवाल?"

उजवीकडून नुसती पानं होती. तीन वेल, पण काय वाढले! मांडव भरला, भिंत भरली, माझ्या खोलीचा पत्रा झाकला. एक शेंडा खिडकीतून आत आला आणि दोन दिवसांत माझ्या शर्टाच्या हँगरला वेढे घालून बसला. कपडे वाळत घालायची तार काकूंनी वेलाला देऊन टाकली. एवढं सगळं, आणि फूल एकही नाही.

सप्टेंबरातल्या एका दमदार पावसात मांडव कोसळला, तो नेमका काकांच्या स्कूटरवर. वेल तुटले नाहीत, पण जमिनीवर लोळायला लागले. मी घाबरून घरी फोन केला आणि आईला म्हटलं, मजबूत सूत पाठव. आईने सुताबरोबर बाबांनाच पाठवलं. शुक्रवारी माग बंद असतात, म्हणून बाबा सकाळच्या एसटीने आले. आम्ही घरी अहिराणी बोलतो. बाबांनी पडलेला मांडव पाहिला, माझी एक गाठ बोटाने चाचपली आणि विचारलं, "ही गाठ कोनी बांधी रे?"

"मी."

बाबांनी ती गाठ एका झटक्यात सोडली. त्याचा अर्थ काय ते मला कळतं. त्यांनी सदरा काढून खुंटीला लावला आणि कामाला लागले. चार पदरी सूत पिळून त्यांनी वरच्या बांबूपासून खालच्या बांबूपर्यंत उभ्या तारा ताणल्या, मागावर ताणा लावतात तशा, सगळ्या सारख्या अंतरावर, सारख्या ओढीच्या. बोट फिरवलं तर तार वाजत होती. तार तुटल्यावर मागावर जी गाठ मारतात तीच गाठ, एका हाताने, बघता बघता. मी लहानपणापासून ती पाहत आलो होतो आणि बागेत मात्र बुटाच्या लेससारखी गाठ मारली होती. काका पट्टी घेऊन आले, दोन तारांमधलं अंतर तीन ठिकाणी मोजलं आणि पट्टी खिशात ठेवली. काकांकडून यापेक्षा मोठी शाबासकी मिळत नाही.

काकू चहा घेऊन आल्या. पाहुण्याशी बोलायचं म्हणून म्हणाल्या, "दादा, यंदा पीकपाणी कसं आहे तुमच्याकडे?"

बाबांच्या दातांत सूत होतं. ते काढून म्हणाले, "कुठलं पीक, ताई?"

"तुमच्या शेतातलं."

"शेत?" बाबांनी माझ्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं. जमेल तशी मराठी जुळवत म्हणाले, "आमच्याकडं कुंडीबी नाही ताई. मागावर कामाला आहे मी. का बरं? काय सांगितलं यानं?"

मी मांडवाच्या मागे गेलो होतो, पण नव्या मांडवातून आरपार दिसत होतं.

"मग हा तीन महिने मला खत, पाणी, फवारणी कोणाच्या भरवशावर सांगतोय?" काकूंनी विचारलं.

"पंचवटीतल्या भाजीवाल्या मावशींच्या," मी म्हणालो.

काकांना हसू आवरेना. त्यांनी कप खाली ठेवला, चष्मा काढला. "म्हणजे आपली बाग दिंडोरीहून चालत होती! आणि मी याला शेतकरी म्हणतोय!" बाबांना काही हसू आलं नाही. जाताना गेटजवळ ते मला एवढंच म्हणाले की ज्यांच्या घरात राहतो त्यांना आपण कोण ते सांगायचं असतं. मला तेव्हा खूप लाज वाटली. लिहितानाही वाटते आहे.

काकू त्या दिवशी माझ्याशी बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मी मनात सामान बांधायला घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी खिडकीतून म्हणाल्या, "आज बाजारात गेलास तर तुझ्या त्या मावशींना विचार, एवढी पानं आहेत आणि फूल का नाही."

मी पळतच गेलो. मावशी म्हणाल्या, "वाल थंडीचा गडी हाय. घाई नाय त्याला." मग जरा थांबून म्हणाल्या, "पर आमच्याकडं कळ्या धरल्या आता. तुमच्याकडं एकबी नाय म्हंजी कायतरी अडतंय."

काय अडतंय ते मला आठवड्याभराने वर्गात कळलं. सर शिकवत होते की काही झाडं दिवस लहान आणि रात्र मोठी झाली की मगच फुलावर येतात. आणि रात्रभर अंधार लागतो. मध्ये उजेड पडला तर झाडाला रात्र लहानच वाटते. मी वहीत लिहिता लिहिता थांबलो. माझ्या डोळ्यांसमोर काकांचा दिवा आला.

आषाढात काकांच्या बागेतला पितळी नळ कोणी तरी काढून नेला होता. त्यानंतर काकांनी तिथे प्लॅस्टिकचा नळ बसवला, आणि त्याच्या रक्षणासाठी भिंतीवर एक पांढराशुभ्र एलईडी दिवा. अंधार पडला की आपोआप लागायचा, उजाडल्यावर विझायचा. वालघेवडा बरोबर त्याच्याखाली होता.

तास संपल्यावर मी सरांच्या मागे गेलो आणि अडखळत विचारलं, "सर, घरातला दिवा असला तरी तसं होतं का?" सरांनी मला पूर्ण हकीकत सांगायला लावली. मिसळीची सोडून सगळी सांगितली. सर म्हणाले, "बंद करून बघ. आणि काय होतं ते मला येऊन सांग." वर्गात मी विचारलेला तो पहिला प्रश्न होता.

घरी येऊन सांगितलं तर काका उभेच राहिले. "म्हणजे वेलीला झोप लागत नाही म्हणून मी दिवा बंद करू? आणि नळ?"

"तू म्हणतोस हे पुस्तकात आहे?" काकूंनी मला विचारलं.

"आहे."

"मावशींना विचारलंस?"

"येता येता विचारलं. त्या म्हणाल्या, असा दिवा डोक्यावर धरला तर तुम्हाला तरी झोप येईल का?"

"दिवा बंद," काकू म्हणाल्या.

"आणि नळ?" काका पुन्हा म्हणाले.

शेवटी असं ठरलं की रोज संध्याकाळी मी पान्याने नळ काढून काकांच्या हातात द्यायचा, पाइपाला बूच लावायचं आणि सकाळी नळ पुन्हा बसवायचा. काका तो नळ आपल्या कपाटात, पेन्शनच्या कागदांशेजारी ठेवत.

पण खरी अडचण पुढेच होती. वेल चढले होते ती घराची भिंत पावसाने ओलावली होती, पोपडे निघाले होते. दिवाळीआधी रंगारी मिळत नाही. काकांना महिनाभर फेऱ्या मारून तारीख मिळाली होती ती भाऊबीजेनंतरच्या सोमवारची. भिंत रंगवायची म्हणजे वेल उतरवावे लागणार, आणि एवढे दाट वेल उतरवणं म्हणजे कापणंच. काका या वेळी चेष्टा करत नव्हते. "भिंतीतून पाणी आत येतंय," ते म्हणाले. "पुढच्या पावसाळ्यात तुझ्या देवघरात येईल." काकूंनी भिंतीचा एक पोपडा नखाने काढून पाहिला. मग म्हणाल्या, "सोमवारपर्यंत एक जरी फूल आलं तर वेल ठेवायचे, शेंगा वाळून बी हातात येईपर्यंत. नाही आलं तर मी स्वतः विळा आणून देईन."

तेव्हापासून रोज सकाळी दात घासायच्या आधी मी मांडवाखाली जाऊन वर बघायचो. कळी कशी दिसते ते माहीत नसल्यामुळे मला प्रत्येक कोवळा शेंडा कळीच वाटायचा. दोनदा मी काकूंना उगाच पायऱ्या उतरायला लावल्या. तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "आता फूल माझ्या पदरात पडलं तरच बोलाव."

वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी मालेगावला निघालो, तोपर्यंत एकही फूल आलं नव्हतं. काकूंनी चकल्यांचा डबा दिला. काकांनी नळ कसा काढायचा ते माझ्याकडून पुन्हा एकदा शिकून घेतलं.

घरी पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी आकाशकंदील लावताना माझा मोबाइल वरच्या खिशातून थेट ओट्यावर पडला आणि बंद झाला. दुरुस्तीवाल्याने दिवाळीचा आठवडा संपल्यावर या म्हणून सांगितलं. काका-काकूंचा नंबर पाठ नव्हता, तो मोबाइलमध्येच होता. बाबांकडे तो आहे की नाही हे विचारायला मी संकोचत होतो, कारण त्या दिवसानंतर बागेचा विषय आमच्यात निघालाच नव्हता. भाऊबीज झाली. सोमवार आला. मी सकाळपासून उंबऱ्यावर बसून होतो. रंगारी किती वाजता येतात, याचा विचार करत होतो. आईने दोनदा विचारलं, "काय शे रे? परीक्षाना निकाल शे का?" मी नाही म्हटलं. माझ्यामुळे मिसळीत गेलेल्या बारा बिया मला एकेक करून आठवत होत्या. ते बी मला खोलीतच भिजवता आलं असतं, मुंग्या हाकलता आल्या असत्या. काकूंनी एवढं होऊनही मला बागेतून काढलं नव्हतं, आणि आता विळा त्यांनाच आणून द्यावा लागणार होता.

सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी बाबा पाळी संपवून आले. हात-पाय धुतले. चहा मागितला. बशीत ओतून फुंकर मारली. मग म्हणाले की तुझ्या काकांचे परवापासून अकरा फोन येऊन गेले. मागाच्या खडखडाटात, खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात कोणाला ऐकू येणार? आज जेवणाच्या सुट्टीत बघितलं, म्हणून बाहेर जाऊन लावला.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

बाबांनी बशी संपवली. काका काय म्हणाले ते त्यांनी काकांच्याच शब्दांत सांगायचा प्रयत्न केला, म्हणून थांबत थांबत सांगितलं. रविवारीच फुलं आली, जांभळी, नुसती एक-दोन नाहीत. सोमवारी रंगारी डबे घेऊन दारात उभा राहिला तेव्हा काकू आतच होत्या. काकांनी स्वतः गेट अडवलं आणि त्याला परत पाठवलं. आज सकाळी काकू पायऱ्या उतरून खाली आल्या, आणि मांडवाच्या तिसऱ्या तारेवर त्यांना चार शेंगा सापडल्या, नखाएवढ्या.